वाढ नाही

इनक्युबेटरमध्ये सदतीस अंश.
बाहेर, जळगावच्या रस्त्यावर, पंचेचाळीस.
मे महिन्यात माझ्या लॅबमधले जंतू
गावापेक्षा गारव्यात राहतात.

कोकिळाबाई फिरके, एकोणसत्तर, फैजपूर.
डावा गुडघा नवा. बाराव्या दिवशी पू.
प्लेट उजेडाला धरली:
लाल आगर, जसा ओतला तसा.
लिहिलं, वाढ नाही.

डॉक्टरांनी जखम उघडली, धुतली,
काळं पडलेलं कापलं, पुन्हा शिवली.
जखम दुप्पट झाली.
कड जांभळी, वांग्याच्या सालीसारखी म्हणणार होते,
पण आमच्याकडची भरताची वांगी हिरवी.
दुसरा नमुना. वाढ नाही.
तिसरा. वॉर्डातून फोन:
"ताई, नीट लावलं होतं ना?"
नीटच लावलं होतं.
रिकाम्या ताटावर कुणाचा विश्वास बसत नाही.

मंगळवारी सांधा काढायचा ठरलं.
सोमवारी रक्त घ्यायला मीच गेले.
चादर लागली तरी बाई कळवळत होत्या.
"माय, गुडघा नुसता जयतो. आत चूल पेटेल हाये."
मी दंड बांधला, शीर शोधली
आणि थांबले.

शनिवारी जिथं माझी सुई गेली होती
तिथं हरभऱ्याएवढा फोड,
पिवळं टोक, भोवती तीच जांभळी कड.
गुडघ्याचं धाकटं भावंड.
सुई नवी होती. पाकीट मी स्वतः फोडलं होतं.

त्वचेच्या डॉक्टरबाईंनी आधी हात पाहिला, मग गुडघा.
म्हणाल्या, सुरी ठेवा खाली.
बाहेरून कुणी आलेलं नाही.
हिचंच रक्त हिच्यावर उठलंय,
जितकं टोचाल तितकं चेकाळेल.
स्टेरॉइड सुरू झालं.
मंगळवारच्या यादीत एका नावावर काट.

संध्याकाळी सर्जन लॅबमध्ये आले, पहिल्यांदाच.
तिन्ही प्लेटा मागितल्या. दोन मी टाकून दिल्या होत्या.
उरलेली त्यांनी बराच वेळ खिडकीशी धरली.
"यात काहीच नाही."
"तेच लिहिलं होतं, सर."

आता बाई वॉकर घेऊन अंगणात फिरतात.
गुडघा झाकलेला असतो,
पण कोपराच्या खोबणीतला डाग,
केळीच्या पानावरच्या करप्यासारखा,
भेटायला येईल त्याला दाखवतात.
"हे या पोरीनं केलं," म्हणतात.
मी समोर असले तरी म्हणतात.
कौतुकानं की तक्रारीनं,
अजून विचारलेलं नाही.