गुरुवारी वीज जाते

मुअतसिम आला तेव्हा शटर अर्धं खाली होतं.
वाकून आत शिरला, कोंढव्यात शिकलेल्या हिंदीत म्हणाला,
तीस-सत्तर इन्सुलिन. आईसाठी. आई ओमदुर्मानला.
मी सवयीने विचारलं, चिठ्ठी?
त्यानं मोबाइल पुढे केला : एक दवाखाना,
पाटी शाबूत, मागे भिंत नाही.
"डॉक्टर इथे बसायचे."

मग कळत गेलं थोडं थोडं, सुट्ट्या पैशांसारखं.
बाई साठीच्या, शाळेत भूगोल शिकवायच्या.
अठरा युनिटांच्या जागी आता नऊ घेतात
आणि फोनवर सांगतात, पथ्य उत्तम चाललंय,
खायलाच काही नाही.
हे तो हसत सांगतो. त्यांच्या घरात असंच हसतात म्हणे.

वीज नाही तिथे. फ्रीजचं कपाट झालंय.
मला वाटलं, हे तर आपल्या हातातलं!
रविवारी कसब्यात गेले, कुंभारवाड्यात,
एकात एक बसतील असे दोन माठ आणले,
मध्ये वाळू, वाळूत पाणी, वर ओलं गोणपाट.
तीन दिवस थर्मामीटर ठेवून वहीत नोंद केली.
बाहेर अडतीस, आत पंचवीस.
पुण्याची मी, शिकवायला टपलेलीच.
त्याला बोलावून सगळं दाखवलं, वाळू चाळण्यापासून.

त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.
"याला आम्ही झीर म्हणतो.
आजीचा आहे घरी. आई रोज पाणी घालते.
थंडावा आहे, ताई.
आत ठेवायला नाही."

पुलापाशी नाका आहे. नाक्यावर त्याच्याच वयाची पोरं.
औषधाची पेटी उघडतात,
बर्फाची पिशवी काढून गालाला लावतात,
पेटी ठेवून घेतात.

आता आमच्या फ्रीजमध्ये, दुसऱ्या फळीवर, लसींच्या मागे
सहा व्हायल, रबरबँडात.
कागदावर आईचं नाव, उजवीकडून डावीकडे,
वाचता येत नाही, पण आकार पाठ झालाय.
कुणी पोर्ट सुदानला निघालं की द्यायच्या.
मार्चमध्ये एकजण निघाला होता. विमान रद्द झालं.
परवा साळसकर काकांचा ब्रँड संपलेला,
काचेतून बोट दाखवून म्हणाले, मग ते काय?
म्हटलं, ते दिलेलं आहे.
मुदत नोव्हेंबर.

गुरुवारी महावितरणची दुरुस्ती, दहा ते दोन.
इन्व्हर्टरचा भरवसा नाही.
मी सहाही उचलते, माठात ठेवते,
गोणपाट भिजवते
आणि घड्याळाकडे बघत बसते
चार तास.