नळीचं दुसरं टोक

फोंड्यात तिस्कावर, फार्मसीच्या वरच्या मजल्यावर
अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या तोंडात उजेड धरते आहे.
मूल खुर्चीत बसलं की डॉक्टर म्हणतात, ‘शांभवी, मास्क.’
मी नाकावर बसवते. जांभळा, द्राक्षांच्या वासाचा.
‘विमान उडणार हां बाबू, नाकानं श्वास घे.’

पण मुलं नाकानं घेतात आणि तोंडानं गोष्टी सांगतात.
कुर्टीचा एक मुलगा दाढ भरून होईपर्यंत
त्यांच्या कुत्रीला झालेल्या पिल्लांची नावं सांगत होता.
सात पिल्लं.
प्रत्येक नावाबरोबर थोडा वायू माझ्या चेहऱ्यावर.
मी हसले. तो गोड होता म्हणून
की आणखी कशानं, ते आता सांगता येणार नाही.

संध्याकाळी डोकं जड.
केरोबिना म्हणायची ऊन, मी म्हणायचे उपास.
एकदा अबोलीचा वळेसर करताना बोटात सुई गेली,
रक्त दिसलं तेव्हा कळलं.

कॅलेंडरवरच्या दोन महिन्यांबद्दल मी लिहीत नाही.
बांबोळीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘कामाला कुठे?’
मी सांगितलं. त्यांचं पेन थांबलं,
मग पुन्हा चालू झालं.
‘त्यानंही असेल, नसेलही. खात्रीनं कोण सांगणार?’
खात्री नसलेली गोष्ट घरात बरीच जागा घेते.
जवळजवळ पाळण्याएवढी.

चवथ झाल्यावर डॉक्टरांनी आम्हा तिघींना बिल्ले दिले,
शाळेत मॉनिटरला देतात तसे.
दिवसभर कॉलरला लावायचे,
संध्याकाळी पाकिटात बंद करून पुण्याला पाठवायचे.
तीन आठवड्यांनी आकडे आले.
मी, खुर्चीशी उभी राहणारी: असावा त्याच्या दुप्पट.
केरोबिना: माझ्याहून थोडा कमी.
आणि सुलक्षा, जी बाहेर बसून बिलं फाडते,
रक्त बघून चक्कर येते म्हणून जिनं आतलं दारसुद्धा ओलांडलं नाही,
तिचा सगळ्यांत जास्त.

डॉक्टरांनी तो आकडा दोनदा वाचला,
चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

मी वाटीत भांड्यांच्या साबणाचा फेस केला,
सिलिंडरवाला करतो तसा.
नळीच्या सांध्यावर एक बुडबुडा,
हरभऱ्याएवढा. फुगायचा, फुटायचा, पुन्हा फुगायचा.
हा माझा.
मग आम्ही ओढून नेणाऱ्या नळीच्या मागे लागलो:
छताला धरून, एसीच्या पाठीमागून, भिंतीतून पलीकडे,
आणि दुसरं टोक सापडलं
सामानाच्या खोलीत, फडताळाच्या वर.
तिथेच आम्ही शीत-कडीचे डबे उघडायचो.
तिथेच सुलक्षा जेवून हिशेबाच्या वहीवर डोकं टेकायची,
अर्धा तास, कधी पाऊण.
आम्ही तिला कुंभकर्णाची बहीण म्हणायचो.

प्लंबरला सांगितलं होतं, ‘बाहेर सोड.’
त्याच्या लेखी बाहेर म्हणजे या खोलीच्या बाहेर.
सहा वर्षं कुणी विचारलं नाही, बाहेर म्हणजे कुठे.

आता नळी गच्चीवर जाते, टाकीच्याही वर.
आधी ओढणारा पंप, मग वायू, हा क्रम कधी उलटा नाही.
मास्क तीन मापांचे. सांध्यांना दर सोमवारी फेस.
शेवटी पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन,
आणि तोवर गोष्टी बंद.

कुर्टीचा मुलगा परत आला. तोंडावर रबराचा पडदा,
डोळ्यांनीच काही सांगू बघत होता.
मी घड्याळ बघत राहिले. मग पडदा काढला.
‘हां, आता सांग.’
‘दोनच उरलीत,’ तो म्हणाला. ‘बाकीची लोकांनी नेली.’

डिसेंबरचे आकडे कमी आले. कमी, शून्य नव्हे.
सुलक्षा अजून जिन्यात बसून जेवते.
तो पहिला कागद तिनं पर्समध्ये चौघडी करून ठेवलाय,
यंदा तिचं लग्न ठरलंय.
परवा डबा बंद करता करता विचारलंन,
‘शांभवी, तू कितवा महिना म्हणाली होतीस गो?’
मी म्हटलं नव्हतं कधीच.
मग सांगितलं.