तिनाला एक

ताळगावच्या पठारावर रात्री साडेअकरा.
चंचूपात्रात चांदी, पातळ पिवळी,
काजूच्या बोंडाच्या रसासारखी.
तिच्यात सोन्याचा क्षार सोडते, थेंब थेंब.

चांदीचे तीन अणू निघून जातात
तेव्हा सोन्याचा एक बसतो.
बाबांना फोनवर सांगितलं.
म्हापशाच्या पेढीचं शटर ओढता ओढता म्हणाले,
"हा कसला गो भाव?"

रंग फिरतो. नारिंगी. मग आमसुली.
आतून चांदी झिजतेय,
बाहेर साल धरतेय सोन्याची.
घाई केली की फुटते.
काल फुटली. तळाशी काळा गाळ.
सेबास्त्यांव हसला नाही, हेच पुष्कळ.

आमच्या घरात पोकळ हा शब्द
हळू उच्चारतात.
आजोबांनी एकदा लाखेचे मणी
भरीव म्हणून विकले होते.
चुकून, म्हणे.

बारा वाजून दहा. निळा.
भरीव सोन्याला हे जमत नाही, बाबा.
साल जितकी पातळ, तितका रंग सरकतो
लालच्याही पलीकडे,
तळहातातून आरपार जाणाऱ्या
त्या न दिसणाऱ्या उजेडापर्यंत.

खिडकीबाहेर मुरगावचे दिवे.
एखादं रिकामं जहाज
भरायची वाट बघत असेल.

कुपीवर तारीख लिहिते.
वजनाची जागा
कोरी सोडते.