शिक्का क्रमांक सतरा

रात्रपाळी संपवून मी सातला घरी येते,
बूट काढते, पडदे ओढते,
आणि साडेसातच्या ठोक्याला
जमिनीखालून दळण सुरू होतं.
तीन रविवार सोसलं.
चौथ्या रविवारी, नर्सच्या कपड्यांवर तसाच कोट चढवून,
खाली गेले भांडायला.

तळघरात माझा घरमालक, एल्रॉय स्कोवगार्ड,
वय चौऱ्याहत्तर, नाकावर दोन चष्मे एकावर एक,
आणि भिंतभर फळ्यांवर एकतीस ब्लेंडर,
शाळेच्या फोटोला उभे केल्यासारखे,
उंच मागे, बुटके पुढे.
कुणाचा तळ मधमाश्यांच्या पोळ्यासारखा वलयावलयांचा,
कुणी फिकट पिस्ता रंगाचा,
एकाला चौदा बटणं, चौदांना चौदा नावं,
आणि आवाज मात्र दोनच.

मी तोंड उघडणार, एवढ्यात त्यानं हातात टॉर्च दिला.
"धर. इथे. नाही, जरा खाली."

काच टिकते, म्हणाला, पोलाद टिकतं,
आधी जातं ते रबर,
भांडं आणि पातं यांच्यामधली ती चकती,
जिच्याकडे कुणी कधी बघत नाही.
वॉर्डात मी हेच बघते रोज.
त्याला सांगितलं नाही.

मग एकेक उपडा करून दाखवू लागला.
तळाशी, नमद्याच्या चार पायांमध्ये,
पुसट जांभळ्या शाईत तपासणाऱ्याचा आकडा:
नऊ. बावीस. नऊ. चार.
"सतरा म्हणजे व्हर्ना."
रसीनच्या कारखान्यात, रांगेच्या शेवटच्या टेबलाशी
सोळा वर्षं ती बसली;
प्रत्येक मोटार मिनिटभर चालवायची, कान लावायची,
कानाला पटली तरच शिक्का.
डावा कान तिनं तिथंच ठेवला.

घरी वाद हरायला लागली
की ती उठून ब्लेंडर लावायची. रिकामा.
त्याची वाक्यं त्यात बारीक होऊन जायची.
"छत्तीस वर्षांत," तो म्हणाला,
"माझं एक भांडण पुरं झालं नाही."

एकतिसांत सतराचे चारच.
"मग बाकीचे सत्तावीस?"
"तिच्या मैत्रिणींनी तपासलेले.
घरी आलेल्यांना परत कसं पाठवायचं?"

फेब्रुवारीत तलावाचा काठ गोठला असताना
केनोशाच्या एका चर्चच्या विक्रीत त्याला पाचवा मिळाला.
चार डॉलर. चिठ्ठी: चालत नाही.
मी टॉर्च धरला, त्यानं चार स्क्रू काढले.
आत एक वायर, झाळ न लागलेली,
पन्नास वर्षं नुसती टेकून राहिलेली.
आणि खाली, स्वच्छ, ठसठशीत, सतरा.
तो बराच वेळ गप्प.
मग हसला, इतका की चष्मा पडला, दोन्ही पडले.
"चुकली! एकदा तरी चुकली!"
दोन मिनिटांचं काम होतं. केलं नाही.
स्क्रू लावले, आणि पुढच्या रांगेत मधोमध ठेवला.

आता रविवारी मी आधी खालीच जाते.
दूध, व्हॅनिला आइस्क्रीम, दोन चमचे माल्ट पावडर,
दर वेळी वेगळं यंत्र, पाळीनं, कुणावर अन्याय नको.
पिस्ता रंगाचा जरा जळकट वास सोडतो.
चौदा बटणांचा आरंभी शिंकतो.
तो बटण दाबतो, झाकणावर तळवा ठेवतो,
आणि त्या घरघराटात
त्याचे ओठ हलत राहतात.
मी फेसाकडे बघते.
काय म्हणालात, असं विचारत नाही.

गेल्या रविवारी त्याचा खांदा दुखत होता.
"आज तू दाब."
दाबलं.
आणि नऊ नंबरच्या खाटेवरच्या बाईचं नाव,
जे पहाटे चार वाजता मी रजिस्टरात लिहिलं होतं,
मोठ्यानं घेतलं, दोनदा,
नंतर आणखी काहीतरी.

एल्रॉय झाकण धरून उभा होता,
उजव्या हाताने,
भांड्याकडे बघत.
दूध केव्हाच एकजीव झालं होतं.
त्यानं बंद कर म्हटलं नाही.