पंधरा थाव

गाडी उभ्याउभ्या छान चालते.
सपाटीवरही कुरकुर नाही.
द्वारकेच्या पुलावर चढताना मात्र
पाय जरा दाबला की एक उचकी,
दुसरी उचकी, आणि गप्प.
मागून रिक्षावाला: "काकू, भंगारात किती येतील?"

हेरल्ड आहे. अडुसष्टची.
देवळाली कॅम्पात एका पारशी बाईंच्या शेडमध्ये
हिच्या टपावर कोंबड्या बसायच्या.
फंडाचे पैसे आले त्याच आठवड्यात मी घेतली.
भावानं तेव्हापासून दिवाळीचा फोन बंद केलाय.

सारडा सर्कलच्या मागच्या बोळात यासीन मिस्त्री.
बॉनेट पुढून उलटं उघडतं,
दाताच्या दवाखान्यात जबडा वासावा तसं.
मिस्त्री वाकतात. हात आधी पोचतो, नजर नंतर;
कधीकधी पोचतच नाही.
"डाव्यात मोती पिकलाय, उजव्यात पिकतोय.
ताई, बघायचं काम तुमचं."

बघायचं काम. तीस वर्षं तेच केलं
सातपूरला, इन्स्पेक्शनच्या भिंगाखाली,
हजार नगांत चार नापास.
मी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढते.
आत कार्बनची रेघ? नाही.
रोटर? पितळ काळवंडलंय, तडा नाही.
पॉइंट?
एकावर टेकडी, दुसऱ्यावर खड्डा.
"त्या खड्ड्यातलंच सामान टेकडीवर गेलंय.
कंडेन्सर बिघडला की असं होतं,
एक देत राहतो, एक घेत,"
असं म्हणून ते नवा कंडेन्सर हातावर ठेवतात,
खडूच्या तुकड्याएवढा.

नवे पॉइंट. मधून गेजची पाती सरकवते.
"किती?"
"तीनशे ऐंशी मायक्रॉन."
"ते तुमच्या कंपनीत. इथं पंधरा थाव."
पाती अडत नाही, सैलही जात नाही,
ओल्या साबणातून दोरा ओढावा तशी येते.
ते स्वतः ओढून बघतात, डोळे मिटून.
मान हलते.

एक-तीन-चार-दोन, वायरी जागच्या जागी.
सेल्फ मारला. लागली.
पूल. उचकी. गप्प.
चहावाल्याच्या पोरांनी ढकलत परत आणली,
आणि मिस्त्रींनी गाडीला एकही शिवी दिली नाही
याचा मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी, जुम्म्याची नमाज झाल्यावर:
"इंजिन बंदच राहू दे. चावी फिरवा. बल्ब जोडा."
बल्ब लागला.
व्हॅक्यूमची बारकी नळी कार्बोरेटरवरून सोडवून
त्यांनी तोंडात धरली आणि ओढली,
विडी ओढावी तशी, गाल आत जाईस्तोवर.
आतली प्लेट कूस बदलावी इतकीच हलली.
"विझला?"
विझला होता.
सोडली. लागला.
पुन्हा ओढली. "आता?"
त्यांना विचारावं लागत होतं
आणि मला सांगावं लागत होतं.

मग चिमटा, भिंग, माझा जुना चष्मा.
पॉइंटकडे जाणारी बोटभर वायर.
वरचं कापड शाबूत, रंगसुद्धा गेलेला नाही.
दाबली तर आत पोकळ लागली.
प्लेट वळली की तुटकी टोकं दूर व्हायची,
प्लेट परतली की पुन्हा एकमेकांना टेकायची,
म्हणून फाटकापाशी सगळं ठीक
आणि चढावर काही नाही.

"काल मी हिला दोनदा पास केलं," मी म्हटलं.
मिस्त्री हसले नाहीत.
"कापडाला पास केलं तुम्ही," म्हणाले,
आणि पोराला डाग लावायला बोलावलं.

संध्याकाळी शेजारच्या सीटवर ते,
मांडीवर पान्याची पिशवी, काच खाली.
पुलाचा चढ लागला. मी पाय दाबला.
काही झालं नाही, म्हणजे गाडी गेली.
"कुठाय आपण?"
"वर."
"काय दिसतंय?"
"ट्रक. लाल दिवे. पंचवटीकडं थोडा धूर."
बराच वेळ ते काही बोलले नाहीत,
मान जरा डावीकडे कलती करून बसले.
"बरं," म्हणाले, "उद्या आणा परत.
तिसरा सिलिंडर थोडा खोटं बोलतोय."