काकवीची बाटली

तीन पाण्यांनी धुतली मी,
आधी राख लावून, मग कढत पाण्यानं,
तरी बुडाशी गोडसर वास राहिलाच.
हे म्हणाले, असू दे की,
रंग जुळतोय नव्हं, बास.

रम काय, काकवी काय, दोन्ही उसाचीच लेकरं;
एक घरात राहिलं, एक बाहेर बिघडलं.

लेकीनं बोटीची तिकिटं काढलेली,
आणि यांचा जन्म गेलेला शाहूपुरीच्या अडतीत
गुळाचे रवे वहीत मांडण्यात.

मुंबईच्या धक्क्यावर हातमोजे घातलेल्या पोरानं
बूच काढून बाटली नाकाशी नेली.
हसला नाही. गळ्यात चिठ्ठी बांधली:
हिंदुराव शेळके, परतताना न्यावी.

बोटीवर दराचं कार्ड वाचून हे पुटपुटले,
एक पेग साडेसहाशे, वर कर.
अगं, दोन पेगात तीस किलोचा रवा येतोय!
मग तीन दिवस समुद्राकडं बघत
फुकटचं लिंबूपाणी,
ग्लास मात्र पेगाचा, करंगळी वर.

परत आलो त्या रात्री
गंगावेशीत म्हशीची धार थेट ग्लासात,
ओठावर फेस.
यांनी भावसुद्धा विचारला नाही.

रम कधी संपली, मीही विचारलं नाही.
आता त्यात पुन्हा काकवी भरते,
चिठ्ठी तशीच ठेवलीय.
भाकरी बुडवली की पहिल्या घासाला
दोघंही जरा थांबतो,
वास घेतो,
आणि काही बोलत नाही.