जवारी

सहा वर्षं मी हा पंख गुळगुळीत करत होतो.
रिव्हेटचं डोकं नखाला लागलं
तर तो काढून परत मारायचा.
कुपवाडच्या शेडमध्ये, रात्री दहानंतर,
शेजारचं प्रेस थांबलं की
बाराशे नंबरचा पॉलिश पेपर, पाणी आणि तळहात.
तळहातच खरा. डोळे फसवतात.

आणि आता जिनपाल मगदूम म्हणतो, यावर खवले लाव.
अठ्ठ्याऐंशी.

जिनपाल सत्तावीस वर्षं हवाई दलात फिटर होता.
त्यानं आधी पंखावर लोकरीचे धागे चिकटवायला लावले,
सूनबाईच्या स्वेटरमधून उरलेले, लाल.
कवलापूरच्या जुन्या पट्टीवरून वर गेलो,
तीन हजार फूट. थ्रॉटल मागे. नाक हळूहळू वर.
ताशी ब्याऐंशीला
मागच्या कडेचे धागे उठले,
मग उलटे फिरले, माझ्याकडे तोंड करून,
अध्यक्षांचं भाषण चालू असतानाच
मागच्या रांगा उठाव्यात तसे.
आणि डावा पंख गेला.
डावाच. दर वेळी डावाच.
खाली द्राक्षांचे मांडव भिंतीसारखे उभे राहिले.

उतरल्यावर जिनपाल म्हणाला,
"हवा दमते रे.
एवढ्या गुळगुळीत अंगावर तिला झोप लागते,
मागच्या कडेला पोचेपर्यंत पंख हातातून सुटतो.
वाटेत कुणीतरी चिमटा काढायला पाहिजे."

कागदावर त्याचं नाव व्होर्टेक्स जनरेटर.
हातात घेतलं तर नखाएवढा पत्रा,
काटकोनात वाकवलेला.
जोडीजोडीनं लावायचे,
नवराबायको भांडून बसल्यासारखे, जरा तिरके,
म्हणजे प्रत्येकाच्या शेंड्यावरून एक बारीक भोवरा सुटतो
आणि वरची ताजी हवा खाली ओढून आणतो.
गौरानं साचा कापून दिला.
तीस वर्षं भूमिती शिकवली तिनं, पंधरा अंश म्हणजे पंधरा.
पुठ्ठा कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा,
त्यामुळे प्रत्येक खवला लावताना
अंगठ्याखाली "आग्रहाचे निमंत्रण".

पहिला लावायला हात होईना.
सहा वर्षं, म्हटलं.
गौरा म्हणाली, मोजून झालंय, लाव.

मिरजेचे हमीदभाई शिकलगार
सतारीच्या खोक्यासाठी प्लायवूडचे तुकडे न्यायला आले होते.
चष्मा कपाळावर सारून वाकले,
पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत
एक डोळा मिटून बघितलं.
"जवारी काढताय म्हणा की."
मी नुसता बघत राहिलो.
"घोडी सपाट ठेवली तर तार मुकी वाजते.
जरा उतार द्यायचा, तार जाता जाता तिला घासली पाहिजे.
तेवढ्या घासण्यातच सगळं.
जास्त घासली की बोंबलते."
मग बोट ठेवलं.
"ह्यो एक वाकडा बसलाय."
तेविसावा. कोनमापक लावला.
दोन अंश.

गुरुवारी सकाळी परत तीन हजार फूट.
ब्याऐंशी. धागे झोपलेले.
पंचाहत्तर.
अडुसष्टला मागचे दोघे काहीतरी कुजबुजले.
चौसष्टला विमानानं नाक खाली घातलं,
दोन्ही खांदे सरळ ठेवून,
पेंगणारा माणूस मान टाकतो तसं.
मी डाव्या पंखाकडे बघत होतो.
तो काहीच करत नव्हता.
इतकं काहीच न करणारं काही
मी आयुष्यात बघितलं नव्हतं.

पट्टीच्या पलीकडच्या टोकाला, बाभळीपाशी,
संगव्वा शेळ्या आवरून उभी होती,
विमान तिच्यापाशी येऊन थांबतं म्हणून, नेहमीसारखी.
ते आलंच नाही.
अर्ध्यातच थांबलं.
थोडा वेळ वाट बघून ती चालत आली,
शेळ्यांसकट,
काय मोडलं ते बघायला.

आता रविवारी पंख पुसताना फडकं अडकतं.
तळहात तर फिरवताच येत नाही.
मी वैतागतो, गौरा जुन्या धोतराची दुसरी चिंधी फाडून देते.
खवल्यांना सुताचे पांढरे दोरे लागून राहतात,
शेडच्या दारातून वारा आला की
सगळे एका दिशेला हलतात.
मी वेचायला लागलो,
तर जिनपाल म्हणाला, राहू दे.